‘सामोअन तर येतं ना त्यांना?’

मी नर्स, आणि आमच्या वॉर्डात माझी ख्याती दोन गोष्टींसाठी आहे. एक, माझ्या डब्यातले पोहे. आणि दुसरी, हिंदीवरून मी केलेलं भांडण. ते भांडण आधी सांगते, कारण त्याशिवाय पुढे मी जे करून बसले त्याची लाज कुणाला नीट कळायची नाही.

सासूबाई पुण्याहून आमच्याकडे न्यूझीलंडला, लोअर हटला राहायला आल्या होत्या. आल्या आणि तिसऱ्याच आठवड्यात पित्ताशयातल्या खड्यांनी आडव्या झाल्या. मी ड्यूटीवर, नवरा वेलिंग्टनला ऑफिसात. शेजारणीने त्यांना इमर्जन्सीत नेलं. तिथे कुणीतरी विचारलं, इंडियन का? आणि फोनवर हिंदीचा इंटरप्रिटर जोडून दिला. आता सासूबाईंचं हिंदी म्हणजे सिरियलपुरतं. कळतं सगळं, पण बोलायची वेळ आली की ‘हां जी, ठीक है’. पोटात कळा येत होत्या, बाई ‘ठीक है’ म्हणत होत्या आणि समोरचा डॉक्टर लिहून घेत होता, दुखणं फारसं नाही. मी धावतपळत पोचले तर तिथली नर्स मलाच म्हणते, “पण हिंदी तर येतं ना त्यांना?”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, “तुला फ्रेंच येतं ना शाळेतलं? मग उद्या तुझं पोट दुखलं की फ्रेंचमध्ये सांग.” मराठीचा इंटरप्रिटर मिळेपर्यंत मी तिथून हलले नाही. मिळाला, आणि सासूबाई जे बोलत सुटल्या ते थांबेचनात. दुसऱ्या दिवशी टी-रूममध्ये मी सगळ्यांना व्याख्यान दिलं. भाषा येणं वेगळं आणि भाषेत दुखणं वेगळं, वगैरे वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकीने तर ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं.

हे झालं त्यानंतर वर्षाच्या आतली गोष्ट.

माझा वॉर्ड वयस्कर लोकांचा. पडलेले, खुबा मोडलेले, ऑपरेशननंतर पुन्हा चालायला शिकणारे. एका सकाळी एक आजी आल्या. ऐंशीच्या पुढच्या, अंगाने भरदार, केसांचा घट्ट अंबाडा. खुब्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. बरोबर त्यांची लेक, साधारण माझ्याच वयाची, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी. तिचं इंग्रजी आपल्यापेक्षा चांगलं, कारण ती दहा वर्षांची असताना इथे आलेली. आजी मात्र उतारवयात, नातवंडं सांभाळायला म्हणून आल्या होत्या. त्यांना इंग्रजी ‘हॅलो’ आणि ‘थँक यू’ एवढंच.

अॅडमिशनचा फॉर्म मी भरत होते. सकाळी सात पेशंट, दोन नर्सेस कमी, फोन वाजतोय. भाषेच्या रकान्यापाशी आले. आजींच्या उशाशी सामोअन बायबल होतं, आणि मी आत शिरले तेव्हा त्या सामोअनमध्येच प्रार्थना पुटपुटत होत्या. एवढं मला ओळखू येतं, हटमध्ये सामोआ बेटांवरच्या लोकांत राहून. मी म्हटलं, “सामोअन?”

लेक म्हणाली, “नाही, आम्ही टोकेलाऊचे.”

टोकेलाऊ मला ऐकून माहीत होतं. सामोआच्या उत्तरेला तीन एवढीएवढीशी बेटं, विमानतळ नाही, सामोआहून बोटीने जायचं. तिथे जेवढी माणसं आहेत त्यापेक्षा कितीतरी जास्त इथे न्यूझीलंडमध्येच आहेत, त्यातली बरीच आमच्या हट व्हॅलीत आणि पोरिरुआला. त्यांची भाषा वेगळी आहे हेही मला माहीत होतं. पण त्या भाषेचा इंटरप्रिटर मिळायचा म्हणजे चार फोन, दोन ईमेल, आठवडाभर वाट. सामोअनचा पाच मिनिटांत फोनवर हजर. आणि मी, होय मीच, तिला विचारलं, “पण सामोअन तर येतं ना त्यांना?”

लेकीने आईकडे बघितलं. मग म्हणाली, “येतं. समजतं तिला.”

मी आजींकडे बघून विचारलं, “सामोअन? ओके?” आजी गोड हसल्या आणि मान हलवली. मी रकान्यात लिहिलं, सामोअन. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. फ्रिजवरचा तो कागद तेव्हा तिथेच होता.

पहिल्याच दिवशी आजींनी लेकीमार्फत मला विचारलं, घरी किती माणसं? मी तीन बोटं दाखवली. नवरा, मुलगी, मी. त्या सगळ्यांनाच हे विचारायच्या. समोरच्या खाटेवरच्या बाईला, फिजिओला, सफाईला येणाऱ्या फिलिपिनो बाईला. मला वाटलं, म्हातारपणच्या चौकशा, दुसरं काय. आमच्याकडेही असतातच.

तिसऱ्या आठवड्यात त्यांची स्मरणशक्तीची चाचणी झाली. घरी पाठवायचं की नाही हे त्यावर ठरणार होतं. घरी दिवसभर त्या एकट्या असणार, लेक कामावर. गॅस बंद करायचं लक्षात राहील का, गोळ्या घेतील का, पडल्या तर फोन करतील का. फोनवर सामोअन इंटरप्रिटर होती, भारदस्त आवाजाची, शुद्ध बोलणारी बाई. आज वार कोणता? ऋतू कोणता? हे तीन शब्द लक्षात ठेवा. शंभरातून सात वजा करत जा.

मी बाजूला उभी होते. आजी हात जोडून बसल्या होत्या. प्रत्येक प्रश्नाला आधी बराच वेळ गप्प, मग अगदी हळू, एखादा शब्द, आणि मग धन्यवाद. तीन शब्दांतला एकही त्यांनी सांगितला नाही. नुसत्या म्हणाल्या, “देवाच्या कृपेने सगळं ठीक आहे.” इंटरप्रिटरने ते जसंच्या तसं सांगितलं. तिची काय चूक? डॉक्टरने आकडे मांडले. निकाल: स्मृतिभ्रंश, मध्यम स्वरूपाचा. घरी एकटं ठेवणं सुरक्षित नाही. अप्पर हटच्या एका रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, स्मृतिभ्रंशवाल्यांच्या कुलूपबंद विभागात खाट रिकामी होत होती, तिथे पाठवावं.

लेक रडली. पण भांडली नाही. “हॉस्पिटलने म्हटलंय म्हणजे असेल,” म्हणाली. मला तेव्हा तिचं कौतुक वाटलं, किती समजूतदार बाई म्हणून. हेसुद्धा सांगून टाकते.

शनिवारी दुपारी मी ड्यूटीवर होते. लेक दोन लिटरचे आइस्क्रीमचे डबे घेऊन आली, चार की पाच. आत मासे, नारळाच्या रसातले, आणि उकडलेला तारो, आपल्या अरवीचा थोरला भाऊ. कुणा नातेवाईकाने समुद्रावरून आणलेले मासे होते. बाहेरचं अन्न पेशंटमध्ये वाटायचं नाही असा नियम आहे, म्हणून मी रागवायच्या तयारीनेच आत गेले.

आजी खाटेवर ताठ बसल्या होत्या. आणि बोलत होत्या! म्हणजे काय बोलत होत्या! तोंडाचा पट्टा सुरू, हातवारे, मधेच हसू, लेकीने काही चुकीचं केलं की तिच्या हातावर फटका. तीन आठवड्यांत मी त्या बाईच्या तोंडून सलग दोन वाक्यं ऐकली नव्हती. मी दारातच उभी राहिले. लेकीला विचारलं, “काय चाललंय?”

“ईनाती,” ती हसत म्हणाली. “आमच्या बेटावर मासे आले की सगळ्या गावात वाटतात. विकत नाहीत. घरात जेवढी माणसं, तेवढे वाटे. तान्ह्या पोराला मोठ्याएवढाच. कुणाकडे किती माणसं हे ठाऊक असलेला माणूस लागतो वाटायला. आमच्या वाडीत आई ते बघायची.”

आजी एकेका खाटेकडे बोट दाखवत वाटे सांगत होत्या आणि लेक ते मला इंग्रजीत सांगत होती. समोरची बाई एकटी राहते, एक. खिडकीजवळचीचा नवरा आणि एक मांजर, दोन वाटे आणि मांजराला शेपटीचा तुकडा. सफाईवाल्या बाईकडे सात, सासू धरून, पण सासू गेल्या आठवड्यात मनिलाला गेली, म्हणजे सहा. मग माझ्याकडे बघितलं आणि तीन बोटं वर केली.

सफाईवाल्या बाईची सासू मनिलाला गेल्याचं मलाही माहीत नव्हतं. आणि कागदावर लिहिलं होतं की ह्या बाईंना तीन शब्द पाच मिनिटं लक्षात राहत नाहीत.

मी लेकीला बाहेर घेतलं. “चाचणीच्या वेळी अशा का नाही बोलल्या त्या?”

ती म्हणाली, “ते सामोअनमध्ये होतं ना. सामोअन म्हणजे चर्च. आमच्याकडे पाद्री सामोआहून यायचे, बायबल सामोअन, शाळेतली पुस्तकं सामोअन. देवाशी बोलायची भाषा ती. त्या भाषेत मोठ्या माणसाने विचारलं की आपण मान खाली घालून ऐकायचं, आभार मानायचे. आपलं तोंड तिथे चालवायचं नसतं. आमची भाषा मासे, होडी, भांडणं, पोरांना शिव्या यांच्यासाठी.” मग म्हणाली, “माझी मुलगी शाळेत सामोअनच्याच वर्गाला बसते. आमचा वर्ग नाहीच. काही नसल्यापेक्षा बरं, असं आपलं म्हणायचं. आईशी ती इंग्रजीत बोलते आणि आई तिच्याशी आमच्या भाषेत. तेवढ्यापुरतीच आता घरात आहे.”

“मग तुम्ही मला त्याच दिवशी ठासून का नाही सांगितलं?”

“सांगितलं होतं की,” ती म्हणाली. रागाने नाही. नुसतं सांगितलं.

त्याच क्षणी मी फोन उचलून ड्यूटीवरच्या डॉक्टरला सांगायला हवं होतं. उचलला नाही. का नाही उचलला, हे मी नंतर स्वतःला हजार वेळा विचारलंय आणि उत्तर एकच येतं. फॉर्मवर अक्षर माझं होतं. टी-रूममध्ये फुशारक्या मारणारी मी. चौकशी होईल, लेखी द्यावं लागेल, आणि सगळ्या वॉर्डाला कळेल की हिंदीवाल्या बाईने काय केलं. वीकेंडला तसंही कुणी निर्णय घेत नाही, सोमवारी निवांत सांगू, अशी मी स्वतःची समजूत घातली. माशांचे तीन वाटे घरी नेले. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो खाता खाता म्हणाला, “अगं, चूक झाली, सांगून टाक. फासावर देणार आहेत का?” मी त्याच्यावरच खेकसले.

सोमवारी माझी सुट्टी होती, हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. किंवा नव्हतं गेलं. मुलीला शाळेच्या स्विमिंगसाठी नवे टॉग्ज, पोहायचे कपडे, घ्यायचे होते, ते आणले, दुपारी कपड्यांच्या घड्या घातल्या. फोन टेबलावर समोर पडला होता. मंगळवारी सकाळी वॉर्डात शिरले तर आजींच्या खाटेवर दुसऱ्याच बाई. रेस्ट होममधली खाट ठरल्यापेक्षा लवकर रिकामी झाली आणि सोमवारी दुपारीच त्यांना हलवलं होतं.

मग मी सांगितलं. चार्ज नर्सला, मग डॉक्टरला. डॉक्टर तरुण होता, भला होता. ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पण सामोअनमध्ये उत्तरं देत होत्या की त्या.” मी त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. कोणत्या तोंडाने ओरडणार? कुणी मला काही बोललं नाही. चौकशी नाही, काही नाही. एक फॉर्म भरून घेतला, ‘यातून काय शिकलो’ असा एक रकाना होता, तो मी भरला. कुणीतरी पाठीवर हात ठेवून म्हणालं, होतं असं. जनाची नाही तर मनाची तरी असते ना, ती काही सुटली नाही.

पुन्हा चाचणी करायचं ठरलं. पण त्या भाषेत चाचणी घेऊ शकेल असं माणूस मिळेना. लेक चालत नव्हती, घरचं माणूस नको असा नियम. एक बाई मिळाल्या त्या आजींच्या चुलत नात्यातल्या निघाल्या, म्हणजे त्याही बाद. इतक्या थोड्या माणसांत नात्याबाहेरचं कोण सापडणार, हे नियम करणाऱ्याला कुठे ठाऊक? शेवटी एक निवृत्त शिक्षिका सापडल्या, दुसऱ्या बेटावरच्या. तोवर अकरा आठवडे गेले होते. वरातीमागून घोडं.

चाचणीच्या दिवशी मी रजा टाकली आणि ट्रेनने अप्पर हटला गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. दाराला आकड्यांचं कुलूप होतं. आत मोठी खोली, टीव्ही सुरू, आणि भिंतीशी लावलेल्या खुर्चीत आजी. अंबाडा नव्हता. इथे येऊन दुसऱ्याच आठवड्यात त्या बाथरूममध्ये पुन्हा पडल्या होत्या. मोडलं काही नाही, पण धसका घेतला. फिजिओ येऊन इंग्रजीत सांगायची, पाय असा टाका, वजन इकडे द्या. कळणार काय? लेक संध्याकाळी कामावरून आली की थोडं चालवायचा प्रयत्न करायची, पण तिच्या एकटीच्याने झेपेना. आता दोन माणसं आणि उचलायचं यंत्र असल्याशिवाय आजी खुर्चीतून उठत नव्हत्या.

आमचा तरुण डॉक्टर कागद घेऊन बाजूला बसला, शिक्षिकाबाई समोर बसल्या आणि टोकेलाऊच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. आजींनी मान वर केली. आधी चाचणी त्यांचीच झाली! तू कुणाची, आजोबा कोण, कोणत्या वाडीतली, त्यांची होडी कुठली. सगळं सापडल्यावर आजी समाधानाने मागे टेकल्या, मग विचारा म्हणाल्या. वार सांगितला. तीन शब्द सांगितले, मधे गप्पा मारून पुन्हा सांगितले, आणि शिक्षिकाबाईंना उलट विचारलं की तुझ्या लक्षात आहेत का. ऋतूच्या प्रश्नाला म्हणाल्या, इथला का तिथला? शंभरातून सात वजा करताना मधेच डॉक्टरकडे बघून काहीतरी बोलल्या आणि शिक्षिकाबाई खो खो हसायला लागल्या. विचारत होत्या, ह्याला स्वतःला येत नाही का, म्हाताऱ्या बाईकडून करून घेतोय.

चाचणी आटपल्यावर मी पुढे झाले. शिक्षिकाबाईंना म्हटलं, यांना सांगा, फॉर्मवर चुकीची भाषा मी लिहिली होती. आणि कळल्यावरही तीन दिवस गप्प बसले. माफी मागायला आले आहे. आजींनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. शिक्षिकाबाईंनी सांगितलं, “त्या म्हणतात, फोनवर बोलणारं कुणीतरी शोधून दिलंस म्हणून तू किती खूश झाली होतीस. तुझं मन कसं मोडायचं?”

मी तिथेच रडले. आजी माझी पाठ थोपटत राहिल्या, जणू पडले होते ते मीच.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाला, “स्वीट अॅज! एकदम उत्तम.” कागदावर लिहिलं, स्मरणशक्ती उत्तम, निर्णयक्षमता पूर्ण, स्मृतिभ्रंश नाही. कुलुपाच्या आतून त्यांना बाहेरच्या विभागात हलवता येईल. घरी? त्याने नकारार्थी मान हलवली. लेकीचं घर टेकडीवर, रस्त्यापासून दारापर्यंत बावीस पायऱ्या. बाथरूममध्ये ते यंत्र वळतसुद्धा नाही. लेकीने काम सोडलं तर घराचं भाडं कोण देणार? पाय परत येतील का, तर ह्या वयात, आता, कठीण. म्हणजे राहायचं इथेच.

लेक कामावरून धावत आली तेव्हा सगळे निघून गेले होते. आम्ही दोघी पार्किंगमध्ये तिच्या गाडीशी उभ्या होतो. तिने कागद वाचला, परत वाचला, आणि माझ्याकडे दिला. म्हणाली, “साध्या शब्दांत सांगा. म्हणजे आईचं डोकं ठीक आहे?”

“अगदी ठीक आहे.”

“आणि मधल्या दिवसांत? तेव्हाही होतं?”

“पहिल्यापासून होतं.”

तिने गाडीच्या दाराला हात लावला आणि तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “रोज संध्याकाळी मी निघाले की ती माझा हा स्कार्फ धरायची. मी हात सोडवून यायचे. इथे काम करणाऱ्या बायका म्हणायच्या, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, दोन मिनिटांत विसरतात त्या. मी घरी जाऊन तेच घोकायचे. विसरली असेल. विसरली असेल. त्यावरच मला झोप यायची.”

मी कागदाची घडी घातली.

“म्हणजे ती विसरत नव्हती,” ती म्हणाली. “एकही दिवस?”

ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी काहीतरी वेगळं सांगेन म्हणून. मी म्हटलं, “नाही. एकही दिवस नाही.”